पंचाच्या खिशातला चेंडू

शांत खोलीत बाबांचे हृदय ऐकू येत असे. आदल्या वर्षी नागपूरला त्यांच्या छातीत धातूची झडप बसवली होती, आणि मिटताना ती बारीक खट् असा आवाज करी. दोन खोल्या पलीकडे कुणी हलकेच कडी लावावी तसा. २००३च्या जूनमध्ये ते आमच्याकडे शिकागोला आले आणि डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या छोट्या घरात तो आवाजही राहायला आला. भाजी चिरताना मी मध्येच सुरी थांबवून ऐकत असे. खट्. खट्. मग पुन्हा चिरू लागत असे.

त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून त्यांना रोज रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागे. गोळी कमी पडली तर गाठ मेंदूत जाण्याचे भय, जास्त झाली तर साध्या धक्क्याने आतल्या आत रक्त साचण्याचे. दाढी करताना झालेला एक काप तासभर वाहत राहिला, तेव्हापासून त्यांनी दाढी करणेच सोडून दिले होते. विमानतळाच्या सरकत्या दारातून सामानाची गाडी ढकलत ते बाहेर आले तेव्हा त्या सावळ्या, वाळलेल्या चेहऱ्यावर भरघोस पांढरी दाढी होती. मला आनंद होण्याच्या आधी जे वाटले, ते सांगायला आजही संकोच वाटतो. वाटले, या शहरात ही दाढी घेऊन यांना मी कुठे आणि कशी फिरवणार?

हे भय दोन वर्षे जुने होते. २००१च्या त्या सप्टेंबरनंतर थोड्याच दिवसांनी मी कोथिंबीर घेऊन घरी येत असताना एका चालत्या मोटारीतून कुणीतरी माझ्यावर थंड पेयाचा भरलेला पेला फेकला. लागले काहीच नाही. पेल्यात बर्फ होता, तो मानेवरून कुडत्याच्या आत उतरला. आणि मोटारीतून जे हसू ऐकू आले ते तरुण होते, निरोगी होते, त्यात राग असा नव्हताच. माझा नवरा तेव्हा विद्यापीठात संशोधन करत होता. संध्याकाळी त्याला सांगितले. "यार, असले लोक सगळीकडे असतात," तो म्हणाला. "तू मनावर नको घेऊस." मी मान डोलावली. पण पुढे कित्येक महिने पदपथावर मागून मोटार आली की ती मान आपोआप आखडत असे.

बेसबॉल माझ्या आयुष्यात आला तो त्या घरात कोंडून घेतलेल्या महिन्यांत. बातम्या पाहवत नव्हत्या आणि टीव्ही बंद केला की घर फार मोठे वाटे. आठवडाभर थांबलेले सामने तेव्हा नुकते पुन्हा सुरू झाले होते. शहराच्या उत्तर भागातला संघ आपल्या जुन्या मैदानावर, जिथे विटांच्या भिंतीवर वेल चढलेला आहे तिथे, पुष्कळ सामने अजून भर दुपारी खेळे. नियम मला कळत नव्हते. पण छंदशास्त्र शिकलेल्या माझ्या कानाला दोन चेंडूंमधली ती स्तब्धता ओळखीची वाटली. ओळ मध्यावर थांबते, श्वास घेते आणि मग पुढे जाते, त्या जागेला आपण यती म्हणतो. या खेळात यती फार आहेत. मला तेव्हा तेच हवे होते.

पाऊस आला की मैदानावर ताडपत्री अंथरली जाई आणि वाहिनीवाले जुनी चित्रे दाखवत. या खेळाचा इतिहास मला असा पावसाच्या सरींमधून, तुकड्यातुकड्यांनी कळला, आणि त्यातले माझ्या लक्षात राहिले ते भ्यालेले क्षण. सत्तरच्या दशकातला एक कृष्णवर्णीय फलंदाज होता. चेंडू थेट प्रेक्षकांत मारण्याचा, म्हणजे होम रनचा, सर्वांत मोठा विक्रम तो मोडणार हे दिसू लागल्यावर त्याला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येऊ लागली. तरी तो रोज मैदानात उभा राहिला. ज्या संध्याकाळी त्याने विक्रम मोडला, त्या संध्याकाळी तो तळांमागून तळ, म्हणजे बेस, ओलांडत असताना दोन अनोळखी पोरे प्रेक्षकांतून उडी मारून त्याच्या मागे धावत आली. ती त्याची पाठ थोपटायला आली होती. पण पाठीवर पडेपर्यंत त्या हाताच्या मनात काय आहे, हे कुणाला ठाऊक असते? मग त्याची आई मैदानावर आली आणि तिने त्याला असे घट्ट धरले की त्याला हलता येईना. समालोचक त्याला आनंद म्हणत होते. मला वाटे, या बाईने आपल्या अंगाचा आडोसा केला आहे.

बाबा आले आणि माझ्या दुपारच्या खेळाला सोबत मिळाली. ते गणिताचे शिक्षक. पण चाळीस वर्षे रविवारी जिल्ह्याच्या क्रिकेट सामन्यांत पंच म्हणून उभे राहिलेले. फलंदाज कोण, गोलंदाज कोण याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नसे. ते पंचाकडे पाहत.

एकदा पावसात एक फार जुने चित्र दाखवले. या खेळात गोऱ्यांच्या संघातून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ज्याने वर्षानुवर्षे शिव्या ऐकूनही उलट उत्तर दिले नव्हते, तो चेंडू टाकला जात असतानाच तिसऱ्या तळावरून थेट शेवटच्या तळाकडे पळत सुटला आणि धुळीत घसरत पोचला. पंचाने तो वाचल्याची खूण केली. चेंडू धरणारा तिथल्या तिथे थयथयाट करू लागला.

"तो चेंडू धरणारा म्हणे म्हातारा झाला तरी सांगत होता, की मी त्याला बाद केलं होतं म्हणून," मी म्हणाले.

बाबांनी चष्मा पुसला. "पंचानं काय दिलं?"

"वाचला."

"मग वाचला. म्हातारपणी काय, मेल्यावर येऊन सांगितलं तरी वाचलेलाच."

"पण नीट बघा ना बाबा. बाद वाटतो."

"आता पन्नास वर्षांनी चहा पीत बसून कोणीही बघेल. त्याला धुळीत, अर्ध्या सेकंदात द्यायचं होतं. मागून हजार लोक आयमाय काढत असताना."

सप्टेंबरच्या अखेरीला नवऱ्याला प्रयोगशाळेतल्या कुणीतरी दुपारच्या सामन्याची दोन तिकिटे दिली. त्याचा प्रयोग चालू होता. "तू आणि बाबा जा," तो म्हणाला. मी म्हणाले, मी नेणार नाही. गर्दी असते, कुणाचा धक्का लागला तर काय करायचे? दाढीचा उल्लेख मी केला नाही.

"इथवर आलो ते टीव्ही बघायला?" बाबा म्हणाले. "टीव्ही घरीही होता."

"अगं, तिथे लोक तान्ही मुलं घेऊन येतात," नवरा म्हणाला. "तू उगाच टेन्शन घेतेस."

आम्ही बसने आणि मग एलने, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या त्या आगगाडीने, गेलो. बाबांनी आपला पंचाचा कोट घातला होता. पांढरट, सुती, शिंप्याकडून मुद्दाम मोठ्या खिशांचा शिवून घेतलेला. एकेकाळी त्या खिशांत षटक मोजायचे सहा खडे असत. डब्यात माणसे संघाच्या निळ्या टोप्या घालून दाटीने उभी होती. मी बाबांना कोपऱ्यात बसवून त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी दांडा धरून उभी राहिले आणि कुणाकडेही पाहिले नाही.

आमची जागा डाव्या कुंपणामागच्या उघड्या बाकांवर होती. मी जिन्यालगतचे बाक शोधले, बाबांच्या पाठीमागून माझा डावा हात घातला आणि तो तसाच ठेवला. भाजलेल्या कांद्याचा, मोहरीच्या चटणीचा, सांडलेल्या बियरचा आणि कुणाच्या तरी मानेला लावलेल्या मलमाचा असे वास एकमेकांत मिसळून उन्हात तापत होते. मध्येच शहरालगतच्या मोठ्या तळ्यावरून वारा येई आणि सगळे पुसून नेई. पहिल्यांदाच मला ती हिरवळ खरी दिसली. टीव्हीवर तिला इतका ओलसर रंग नव्हता. पण मला खेळ दिसत नव्हता. एवढ्या कल्लोळात बाबांचे हृदय ऐकू येत नव्हते, आणि मी त्याच एका आवाजासाठी कान लावून बसले होते.

बाबा मात्र सुखात होते.

"तो मुख्य पंच कमरेला काय पिशवी बांधून उभा आहे? भाजीला निघाल्यासारखा?"

"चेंडू असतात त्यात. जरा माती लागली की नवा काढतात."

"श्रीमंत लोक आहेत," बाबा म्हणाले. "आमच्याकडे दिवसभर एकच. संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा पाठ होतो."

संघाची त्या वर्षी पुढच्या फेरीसाठी जीवघेणी चुरस चालू होती, त्यामुळे आमच्या भोवतीचे लोक चिडून, आशेने, पुन्हा चिडून खेळ पाहत होते. मधल्या डावांत कधीतरी पाहुण्या संघाच्या फलंदाजाने चेंडू उंच मारला. तो आमच्याकडे येत आहे हे मला कळले ते सगळे उभे राहिले म्हणून. मी बाबांच्या डोक्यावर दोन्ही हात धरले. चेंडू दोन रांगा खाली कुणाच्या तरी पंजावर आदळला, पायरीवर आपटला, उसळला आणि बाबांच्या मांडीवर येऊन विसावला. कुणी त्यांच्या हातात ठेवावा तसा.

बाबांनी तो उचलला, शिवण पाहिली आणि कोटाच्या उजव्या खिशात टाकला.

क्रिकेटमध्ये गडी बाद झाला, चहापान झाले, खेळ कशानेही थांबला, की चेंडू पंचाच्या ताब्यात जातो. चाळीस वर्षांची सवय. ते शांतपणे मैदानाकडे बघत बसले, खेळाडू येईल आणि मागेल म्हणून.

आधी आमच्या मागच्या दोघांनी सुरुवात केली, मग रांगेने, मग सगळ्या बाकांनी. थ्रो इट बॅक. थ्रो इट बॅक. ही त्या मैदानाची रीत आहे. पाहुण्या संघाचा होम रन प्रेक्षकांत पडला तर तो चेंडू कुणी जवळ ठेवत नाही. तुच्छतेने पुन्हा मैदानात भिरकावतो. हे मी टीव्हीवर असंख्य वेळा पाहिले होते. बाबांना सांगायचे राहून गेले होते. लोक बाकांवर पाय आपटू लागले तेव्हा तो आवाज माझ्या तळव्यांतून वर चढला.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारले.

"चेंडू परत टाका म्हणतात. बाबा, लवकर टाका."

"देणारच आहे. माझा थोडाच आहे? पण टाकायचा कसा? चेंडू हातात द्यायचा असतो."

"इथे टाकतात. बाबा, ऐका माझं."

"ओरडतात म्हणून घाई करायची नसते," ते म्हणाले आणि उठले. माझा हात त्यांच्या पाठीवरून घसरला. एक हात कठड्यावर आणि दुसरा खिशात, चेंडूवर, अशा चालीने ते जिना उतरून कुंपणाकडे निघाले. खाली उभ्या असलेल्या खेळाडूला जाळीवरून चेंडू सुपूर्द करायचा होता त्यांना. ओरडणाऱ्यांना वाटले, हा म्हातारा चेंडू घेऊन पळतो आहे. कागदाचा एक पेला त्यांच्या खांद्यावरून गेला. दुसरा पायाशी फुटला.

कुंपणाजवळ सुरक्षारक्षक होता. त्याने वर पाहिले, आणि त्याला जे दिसले ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. दाढीवाला सावळा माणूस, लांब कोट, फुगलेला खिसा, खिशात हात, सरळ आपल्याकडे येणारा. त्याने एक हात पट्ट्यावरच्या वायरलेसकडे नेला आणि दुसरा पंजा पुढे केला.

"सर. जागीच थांबा. हात खिशातून बाहेर. सावकाश."

बाबांना इंग्रजी समजे, पण एवढ्या आवाजात नाही. ते आणखी एक पायरी उतरले. मी धावले. बियरने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माझी चप्पल सुटली. "बाबा, थांबा, हात काढा, हात दाखवा त्यांना," मी मराठीत ओरडत होते, आणि ओरडता ओरडता मलाच माझी भाषा ऐकू आली. इतक्या लोकांत, परकी, कशाचाही अर्थ होऊ शकेल अशी. रक्षकाने आता माझ्याकडे पाहिले.

बाबांनी हात बाहेर काढला. तळव्यावर चेंडू होता. तो त्यांनी रक्षकापुढे धरला.

"प्लीज गिव्ह टू द फील्डर," ते म्हणाले.

रक्षकाचे खांदे खाली आले. तो माझ्याहून लहान असावा. कपाळावर घाम होता. "फेकायचा असतो, आजोबा," तो म्हणाला. "तुम्हीच."

"डॉक्टर मला फेकू देत नाहीत," बाबांनी त्याला समजावून सांगितले, छातीवर वरून खाली बोट फिरवत. मग चेंडू माझ्या हातात दिला. "तू फेक. नीट. कुणाला लागता कामा नये."

मी जन्मात कधी चेंडू फेकला नव्हता. तो अपेक्षेपेक्षा लहान होता आणि बाबांच्या खिशाने कोमट झाला होता. डोळे मिटून मी तो जाळीपलीकडे टाकला. कुठे पडला ते पाहिले नाही. पडला एवढे कळले, कारण सगळे बाक एकदम जयजयकार करू लागले. त्याच घशांतून. ज्यांनी पेले फेकले त्यांनीच टोप्या उडवल्या. मला तो जयजयकार आधीच्या आरोळ्यांहून भयंकर वाटला, कारण मधे काहीच घडले नव्हते. एवढासा चेंडू एका जागेहून दुसऱ्या जागी गेला होता.

आम्ही परत जागेकडे चढत असताना मागच्या रांगेतला एक भला धिप्पाड माणूस वाकला. "दॅट्स द वे, पॉप्स," तो म्हणाला आणि त्याने मनापासून, प्रेमाने, बाबांच्या पाठीवर थाप मारली. तिचा आवाज मला ऐकू आला. बाबा एक पाऊल पुढे गेले, सावरले आणि हसून म्हणाले, "गुड मॅच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते बाहेर आले तेव्हा पाठीवर उजव्या खांद्याच्या पात्याखाली काळानिळा पंजा होता. बोटे मोजता येत होती. दुपारपर्यंत बोटे एकमेकांत मिसळली, आणि संध्याकाळी तिथे लिंबाएवढी टणक गाठ हाताला लागली.

डेव्हनपासून जवळच एका मराठी डॉक्टरकाकूंचा दवाखाना होता. साठच्या दशकात इथे आलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी गाठ दाबली, रक्त तपासले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ब्लड फारच थिन झालंय. कोणी एवढं मारलं?"

"शाबासकी दिली," बाबा म्हणाले.

"अशी शाबासकी पुन्हा घेऊ नका," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "हे बघ, गाठ वाढली तर कापून रक्त काढावं लागेल. त्यासाठी गोळी बंद करायला हवी. आणि गोळी बंद केली तर व्हॉल्व्हवर क्लॉट व्हायची भीती. म्हणून आपण कापायचं टाळू. डोस कमी करते. दर तीन दिवसांनी यायचं."

ते पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. रोज गाठीभोवती पेनने रेघ आखायची आणि रंग रेघेबाहेर गेला का ते बघायचे. घरी कुणी आले की बाबांना भिंतीकडे पाठ करून बसवायचे. गोळी कमी झाल्यापासून दुसरे भय जागे झाले होते. ते एखादा शब्द आठवायला थांबले की माझा जीव उडे. तोंड वाकडे होत नाही ना, हात उचलता येतो ना, हे मी त्यांच्या नकळत तपासत असे. इकडे आमचा संघ जिंकत चालला होता, आणि शहर आनंदाने वेडे झाले होते. मी सामने लावत असे, आवाज बंद करून.

ऑक्टोबरच्या मध्यावर काकूंनी शेवटचे काय ते ठरवायला बोलावले: कापायचे की नाही. त्याच्या आदल्या संध्याकाळी ती गोष्ट घडली होती, जी त्या शहरात अजून कुणी विसरलेले नाही. अंतिम लढतीत पोचायला पाच गडी बाद करायचे उरले असताना एक चेंडू डाव्या कठड्यावर उंच आला. खेळाडूने उडी मारली. कठड्यामागच्या काही चाहत्यांनीही हात वर केले, आणि एकाच्या हाताला तो लागला. झेल सुटला. मग सगळेच सुटले; पुढे एका खेळाडूच्या हातून साधा चेंडू निसटला, धावांवर धावा झाल्या, सामना गेला. पण लोकांनी दोष धरला तो प्रेक्षकातल्या त्या एकट्या माणसावर. रक्षकांनी त्याला वेढा घालून बाहेर काढले. वरून पेले पडत होते.

दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात टीव्हीवर तेच चालले होते. चेंडू येतो, हात वर जातात. पुन्हा चेंडू येतो. मी त्या माणसाकडे पाहत नव्हते. मागच्या बाकांकडे पाहत होते. ते चेहरे मला पाठ होते.

समोर निळी टोपी घातलेला एक पन्नाशीचा गृहस्थ बसला होता. "सगळं घालवलं त्यानं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "त्या एका माणसानं."

बाबा पुढे वाकले. मला मराठीत विचारले, "पंचानं काय दिलं?"

"अडथळा नाही म्हणून दिलं. बाबा, तुम्ही काही बोलू नका."

"चेंडू कठड्याच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूला आलाय ना? अलीकडचा चेंडू प्रेक्षकाचा." आणि ते इंग्रजीत त्या गृहस्थाला म्हणाले, "अंपायर इज करेक्ट."

गृहस्थ सावकाश वळला. दाढीकडे पाहिले, कोटाकडे पाहिले. माझे हात पर्सच्या बंदावर घट्ट झाले. उठून बाबांच्या मागे जाऊन उभे राहावे की पुढे, हे मला कळेना.

"तुम्हाला काय माहीत?" त्याने विचारले.

"मी चाळीस वर्षं अंपायर होतो. क्रिकेट."

"लोक वस्तू फेकायचे तुमच्यावर?"

"जोडे. एकदा जेवणाचा डबा."

"भरलेला?"

"रिकामा. जेवून घेतलं होतं त्यांनी आधी."

गृहस्थाच्या नाकातून हवेसारखे हसू निघाले. मग तो पुन्हा गंभीर झाला. "तरी त्यानं हात खाली ठेवायला हवे होते."

"चेंडू आला की हात जातो," बाबा म्हणाले.  गृहस्थ टीव्हीकडे वळला आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

काकूंनी आत बोलावले. गाठ दाबली, बाजूने दाबली, पेनच्या रेघा पाहून मला म्हणाल्या, "तू काय नकाशा काढतेस का?" मग त्या रेघांवरून त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवले. मला बाबांच्या छातीतली खट् खट् ऐकू येत होती, आणि कागदी चादरीची सळसळ.

"मऊ पडतेय," त्या म्हणाल्या. "कापायला नको. रक्तही ठीक आलंय, हाच डोस चालू ठेवा. पण नीट ऐक. आतली जखम अजून कच्ची आहे. दोन आठवडे पाठीला कशाचाही दाब नको. खुर्चीला टेकायचं नाही, कोणाचा धक्का नको. आत्ता पुन्हा ब्लीडिंग सुरू झालं तर मग माझ्या हातात नाही."

दवाखान्याबाहेर येऊन आम्ही बस धरली तेव्हा दुपार उतरली होती. शेवटचा, निर्णायक सामना त्याच संध्याकाळी त्याच मैदानावर होता, आणि डेव्हनवरची बस स्टेशनाकडे जाणाऱ्या निळ्या टोप्यांनी भरत गेली. बसायला जागा नव्हती. असती तरी बाबांना टेकता आले नसते. ते दांडा धरून उभे राहिले, मी त्यांच्यामागे. प्रत्येक थांब्यावर आणखी चौघेपाच चढत होते, आणि आतली माणसे न बघता मागे सरकत होती.  आदल्या दिवसाचा पराभव त्यांच्या जाकिटांच्या वासासारखा बसमध्ये साचला होता. माझ्या खांद्यावर एक पाठपिशवी टेकली आणि मी पुढे ढकलली गेले. बाबांच्या कोटाला माझे कपाळ लागले. पुढच्या ढकलीला माझे सगळे वजन त्यांच्या पाठीवर जाणार होते.

मी तोंड उघडले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठा फुटला. "माझे वडील आजारी आहेत," मी इंग्रजीत म्हणाले. "त्यांच्या पाठीला इजा झाली आहे. कृपा करून कुणी ढकलू नका. त्यांना कुणी टेकू नका."

सगळ्या टोप्या वळल्या. त्यांनी दाढी पाहिली. बाबांनीही मान वळवून पाहिले, वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलीने हात वर केल्यावर शिक्षक पाहतो तसे. बस सिग्नलला थांबली होती आणि इंजिनाच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हते. मी त्या चेहऱ्यांवरून एकेक करून नजर फिरवली. जिथे ती थांबेल तिथून काहीतरी येईल, असे मला वाटत होते.

पाठपिशवीवाल्या मुलीने पिशवी खांद्यावरून उतरवून पायांत धरली. तिच्या शेजारच्या बाईने आपल्या नवऱ्याला दंडाला धरून मागे ओढले. कुणी हसले नाही. बाबांच्या पाठीमागे वीतभर जागा झाली.

बस हलली. मी दोन्ही हातांनी दांडे धरून त्या जागेच्या कडेला उभी राहिले आणि आमच्या थांब्यापर्यंत किती चौक उरले आहेत ते मोजू लागले. पाच होते.